लिहून देणार

घर भाड्याने द्यायचं असलं की घरमालक आधी घराचं कौतुक करतो. हवा कशी खेळती आहे, पाणी कसं चोवीस तास आहे, शेजार कसा चांगला आहे. बाईंनी मला खुर्चीत बसवलं, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि एक लांबट वही उघडून आपल्याच घराचे दोष वाचून दाखवायला सुरुवात केली.

"दोष पहिला. पश्चिमेची भिंत जुलै ते सप्टेंबर ओली राहते. कपाट चिकटवून ठेवलं तर कपड्यांना वास येतो. दोष दुसरा. जिन्याची चौथी पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच आहे, नवीन माणूस ठेचकाळतं. दोष तिसरा. शेजारच्यांचा पंप पहाटे पाचला सुरू होतो. त्यांना सांगून झालेलं आहे. ऐकत नाहीत."

असे चौदा दोष होते. प्रत्येकाच्या पुढे तो कधी लक्षात आला, त्यावर काय उपाय करून पाहिला आणि तो कसा फसला, हेही लिहिलेलं. अक्षर सरकारी, गोल, एका रेषेत.

मी सांगलीची. फिजिओथेरपीचं शिक्षण संपवून साताऱ्यातल्या एका खासगी दवाखान्यात लागले होते आणि पंधरा दिवस खोली शोधत फिरत होते. शाकाहारी म्हटल्यावर घरमालक खूश व्हायचे आणि एकटी म्हटल्यावर गप्प व्हायचे. मग लग्न का नाही झालं, भेटायला कोण कोण येणार, परत यायला उशीर होतो का, असं सुरू व्हायचं. बाईंनी यातलं काही विचारलं नाही. चौदावा दोष वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एकच प्रश्न केला.

"तुला वाचता येतं ना?"

"बाई, मी डिग्री घेतलीये."

"ते नाही विचारलं. डिग्रीवाले लोकच न वाचता सह्या करतात. वाचता येतं का?"

येतं की नाही, ते दोन दिवसांनी कळलं. हल्ली भाडेकरार ऑनलाइन होतो. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, फोटो काढतो, दोघांचे अंगठे घेतो आणि दहा मिनिटांत पुढच्या घरी जातो. आमच्याकडे आलेला एजंट पावणेदोन तास बसला होता. बाईंनी मला अख्खा करार मोठ्याने वाचायला लावला. प्रत्येक कलमाला थांबवून त्या विचारायच्या, "म्हणजे काय?" मला सांगता आलं नाही तर त्या सांगायच्या नाहीत. मीच परत वाचायचं, कळेपर्यंत. एजंट घड्याळाकडे बघत म्हणाला, "मॅडम, सगळं ठरलेलंच असतं ओ यात." बाईंनी त्याला दुसरा चहा दिला आणि म्हणाल्या, "ठरलेलं असतं. पण कुणी ठरवलं, ते वाचल्यावरच कळतं."

आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या कागदावर, त्यात काय लिहिलंय हे माहीत असताना अंगठा दिला.

बाई एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागल्या आणि अव्वल कारकून होऊन निवृत्त झाल्या. गावातल्या घरांच्या, जागांच्या मालकीच्या नोंदी ठेवणारी ती कचेरी. नवरा सहा वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी दुमजली घर. खाली त्या, वर मी. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, गुडघे दुखत असल्यामुळे डुलत चालणाऱ्या. गळ्यात नाडीला बांधलेलं पेन. लोक मंगळसूत्राची सवय सांगतात तसं त्या म्हणायच्या, "हे नसलं की गळा मोकळा वाटतो."

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना काकू म्हटलं, तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"काकू नको. नात्याने हाक मारलीस की मला भाडं मागायला जड जातं आणि तुला नळ दुरुस्त करून मागायला. दस्तात दोनच माणसं असतात. लिहून देणार आणि लिहून घेणार. मी लिहून देणार, तू लिहून घेणार. तेवढं पुरे."

आणि खरंच त्या मला तशीच हाक मारायच्या. खालच्या अंगणातून आवाज यायचा, "अगं ए लिहून घेणार, तुझा गॅस आलाय." रस्त्यावरची माणसं वर बघायची.

त्यांचे निरोप लेखी असत. माझ्या दाराखालून चिठ्ठी सरकायची. वर जावक क्रमांक, खाली सही. "विषय : टाकी धुण्याबाबत." "विषय : बाल्कनीतील कबुतरांबाबत." एकदा मी आमसुलाची आमटी केली होती, तर चिठ्ठी आली, "विषय : आमटी पाठवण्याबाबत. संदर्भ : काल सायंकाळी जिन्यात आलेला वास." मी वाटी घेऊन खाली गेले तर त्यांनी वाटी घेतल्याची पोच लिहून दिली. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

पण याच बाई माझ्या खोलीत कधी पाऊल टाकत नसत. मला एकदा ताप आला. दुपारी त्या पेज घेऊन वर आल्या, ते गुडघे घेऊन, सोळा पायऱ्या चढून, आणि दार उघडं असूनही उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.

"आत येऊ का?"

"बाई, घर तुमचंच आहे."

"घर माझं आहे. कराराने ताबाही माझाच आहे. पण वापरायची परवानगी तुला दिलेली आहे, अन् दिली म्हणजे दिली. येऊ का?"

मी हो म्हटल्यावरच त्या आत आल्या. पेज भरवली, कपाळावर पट्टी ठेवली आणि निघताना खोलीतल्या एकाही वस्तूकडे पाहिलं नाही. इतका मान मला कधी कुणी दिला नव्हता, माझ्या घरच्यांनीसुद्धा नाही.

त्या दोन भाषा बोलायच्या. कागदाचं बोलताना भाषा कचेरीतली, सदर, उक्त, मजकूर. माणसांचं बोलायला लागल्या किंवा चिडल्या की भाषा त्यांच्या माहेरच्या वळणावर जायची. "लय शाना हाय तो," असं ऐकलं की समजायचं, आता कुणाची तरी खैर नाही.

रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर माणसं येत. फी नाही. अट एकच, आपला कागद आपण वाचायचा. फ्लॅट घेणारा निवृत्त सुभेदार, डिपॉझिट अडकलेल्या कॉलेजच्या मुली, भावांशी वाजलेले भाऊ. एकदा एक मनुष्य फार तावातावाने आला. वडिलांच्या फ्लॅटवर नॉमिनी म्हणून त्याचं एकट्याचं नाव होतं आणि तो दोन बहिणींना दारात उभं करायला तयार नव्हता. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"लग्नात जोडे सांभाळायला माणूस बसवतात, बघितलाय?"

"हो."

"सगळ्यांचे जोडे त्याच्या ताब्यात असतात. म्हणून ते त्याचे होतात का? नॉमिनी म्हणजे तो. सांभाळायचं आणि ज्याचे त्याला द्यायचे."

तो मनुष्य उठला. बाईंनी मागून आवाज दिला, "दोघी भयनींना फोन लाव रं आजच."

माझे वडील सांगलीला हळदीचा व्यापार करतात. मी कुठे राहते ते बघायला ते एकदा साताऱ्याला आले. बाईंनी त्यांनाही वही वाचून दाखवली. तोवर ओल छतापर्यंत चढली होती, म्हणून पंधरावा दोष वाढला होता. वडील शांतपणे ऐकत राहिले. परत जाताना बसस्टँडवर मला म्हणाले, "बाळ, चाळीस वर्षं बाजारात बसतोय. पोत्यातला किडका माल स्वतःच्या हाताने वर काढून दाखवणारा माणूस आज पहिल्यांदा बघितला. खोली सोडू नकोस."

मी तीन वर्षं सोडली नाही.

संध्याकाळी दवाखान्यातून आले की मी बाईंच्या गुडघ्यांचे व्यायाम घ्यायचे. पाय उचला, दहा मोजा, खाली. पण गुडघे हळूहळू हरत होते. तिसऱ्या वर्षी त्यांनी घर विकायचं ठरवलं. तळमजल्यावरचा, पायऱ्या नसलेला लहानसा फ्लॅट बघायचा आणि उरलेलं आयुष्य सपाट जागेवर काढायचं, असं त्या म्हणाल्या. मला रीतसर दोन महिन्यांची नोटीस आली, दाराखालून, जावक क्रमांकासकट. खाली आजवर कधी न घातलेली एक ओळ होती, "नवीन खोली शोधण्यास सर्व साहाय्य केले जाईल."

गिऱ्हाईक चांगलं मिळालं. महाबळेश्वरात टॅक्सीचा धंदा असलेले एक गृहस्थ. मुलांच्या शाळेसाठी त्यांना साताऱ्यात घर हवं होतं. वही त्यांनाही वाचून दाखवली गेली. पश्चिमेच्या भिंतीचं ऐकून ते खो खो हसले. "आवं बाई, आमच्यात चार महिने भिंतीला शेवाळ असतंय. तुमची वली भिंत म्हंजे आमची वाळलेली!"

त्यांच्या वकिलांनी तीस वर्षांचे दस्त तपासले. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, या मिळकतीवर कोणाचा हक्क असेल तर चौदा दिवसांत कळवावे. कुणी कळवलं नाही. मग एका शनिवारी सकाळी साठेखताचा, म्हणजे विक्रीच्या कराराचा, मसुदा घेऊन सगळे बाईंच्या हॉलमध्ये बसले. टॅक्सीवाले, त्यांची बायको, वकील आणि साक्षीदार म्हणून मी. सोमवारी नोंदणी करायची होती.

मसुदा बाईंनीच वाचायला घेतला. स्पष्ट, सावकाश, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबत. चतुःसीमा झाल्या, क्षेत्रफळ झालं. मग ते नेहमीचं कलम आलं.

"सदर मिळकत निर्वेध व बोजारहित असून तीत लिहून देणार यांच्याखेरीज अन्य कोणाचाही कोणत्याही प्रकारचा हक्क वा हितसंबंध..."

बाई थांबल्या.

पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. पुन्हा तिथेच थांबल्या. वकिलांना वाटलं छपाईची चूक असेल, ते पुढे वाकले. बाईंनी कागद टीपॉयवर ठेवला, गळ्यातल्या पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "हे मी वाचू शकते. लिहून देऊ शकत नाही."

कुणालाच काही कळेना. बाई सांगू लागल्या. त्यांचा आवाज कचेरीतलाच होता, सपाट.

घर सासऱ्यांनी बांधलेलं. ते फौजेतून सुभेदार होऊन आले होते. त्यांना दोन मुलं, बाईंचे यजमान आणि त्यांच्या पाठची बहीण. बहिणीने म्हसवडच्या एका टेंपो चालवणाऱ्याशी, घरी न विचारता लग्न केलं. घराचं दार तिला बंद झालं. काही वर्षांनी सासरे गेले. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. यजमानांनी वारस म्हणून आपलं एकट्याचं नाव लावून घेतलं, आपल्याखेरीज दुसरा वारस नाही असं प्रतिज्ञापत्र करून.

"कायद्याने अर्धं घर तिचं आहे. तेव्हाही होतं, आजही आहे."

वकिलांनी घसा साफ केला. "मॅडम, मालकीच्या नोंदीत त्यांचं नाव नाही. नोटीस देऊन झाली, हरकत आली नाही. तुम्ही हे बोलला नसता तर..."

"नोंदीत नाव नाही म्हणून हक्क जात नाही, हे तुम्हाला मी सांगायचं का? आणि नोटीस तुम्ही सातारा शहरातल्या एका छोट्या दैनिकात दिलीत. ती बाई म्हसवडला. तिने का म्हणून ते पान वाचावं? आपलं काही हाय, हेच तिला ठाव न्हाई."

"खोटं प्रतिज्ञापत्र झालंय हे उघड होईल. त्याचा त्रास होऊ शकतो."

"करणारा गेला. राहिले मी. होऊ दे काय व्हायचं ते."

टॅक्सीवाले बराच वेळ टोपी फिरवत बसले होते. "मग आता आमी काय करावं, बाई?"

"थांबा, न्हाईतर दुसरं घर बघा. दोन्हीत माझा राग नाही."

ते बायकोकडे बघून म्हणाले, "थांबतो."

सगळे गेल्यावर मी कपबशा उचलत होते. बाई खुर्चीतून हलल्या नव्हत्या. मी विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"कळलं कधी?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी प्रश्न परत घ्यावा. "ते प्रतिज्ञापत्र दाखल झालं ते माझ्या शेजारच्या टेबलावर. मी तेव्हा नुकतीच चिकटले होते कामाला. वाचलं होतं गं. न वाचता मी कधी काही सोडलंच नाही."

पुढच्या गुरुवारी मी रजा घेतली आणि त्यांना घेऊन म्हसवडला निघाले. एकट्याने त्यांना बसमध्ये चढता-उतरता आलं नसतं.  मांडीवर कागदांची पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. खिडकीबाहेर माण तालुक्याचं माळरान, कुठे मेंढरं, कुठे डाळिंबाच्या बागा.

नणंद ब्लाउज शिवते, एवढं बाईंच्या कानावर होतं. सिद्धनाथाच्या देवळामागे विचारलं तर एका शेजारणीने लगेच घर दाखवलं आणि तिने किती खोल्या बदलल्या तेही मला सांगितलं. एक खोली आणि स्वयंपाकाची जागा. दारातच शिलाई मशीन आणि त्यावर वाकलेली पासष्टीची एक सडपातळ बाई. तिने मान वर केली. चष्म्यातून बघत राहिली. मग मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"वैनी?"

"व्हय, वन्सं."

तीस-बत्तीस वर्षांनी दोघी एकमेकींना बघत होत्या. तिच्या मोकळ्या कपाळाकडे बाईंची नजर गेली; दोघीही आता विधवा. आत्याबाई (मी त्यांना पुढे असंच म्हणू लागले) उठल्या, गोधडी अंथरली, पाणी दिलं. 

"दादा गेल्याचं मला दोन वर्सांनी कळलं," त्या म्हणाल्या. "कुनी सांगाय आलं न्हाई."

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "पण मी त्याच्याहून मोठं चुकलेलं सांगायला आलेय. आधी ऐक. मग काय बोलायचं ते बोल."

पिशवीतून त्यांनी प्रतिज्ञापत्राची नक्कल काढली आणि वाचली. जशी माझ्या कराराची कलमं वाचून घेतली होती, तशीच, काही न गाळता. "मयत यांस माझ्याखेरीज अन्य कोणीही कायदेशीर वारस नाही."

आत्याबाईंचा हात मशीनवरच्या कापडावर होता. "परत वाचा," त्या म्हणाल्या.

बाईंनी परत वाचलं.

"दादानं असं लिव्हलं? मी न्हाईच म्हणून?"

"लिहिलं. मी ते त्याच दिवशी वाचलं. गप्प बसले."

मला वाटलं आता आरडाओरडा होईल. पण आत्याबाई वेगळंच काही मनात जुळवत होत्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "आन् आबांनी? आबांनी काय लिव्हलं हुतं?"

"आबांनी? काहीच नाही. मृत्युपत्र केलंच नाही त्यांनी."

"आसं कसं? तेराव्याला मी आल्ते. दादानं मला दारातच सांगितलं, आबांनी तुजं नाव कापलंय, तसा कागद करून गेल्यात. मी तशीच परत फिरले."

बाईंचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. हे त्यांना माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या समोर असं काही आलं होतं, जे कुठल्याच कागदावर नव्हतं.

"असा कागद नव्हता, वन्सं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कचेरीतला राहिला नव्हता. "शपथेवर सांगते. आबांनी तुला कुठंच कापलेली न्हाई. त्यांनी काही लिहून ठेवलं नाही, म्हणूनच कायद्याने तू नि ते, दोघं सारखे. मनात आणलं असतं तर त्यांना लिहिता आलं असतं. सुभेदार माणूस, रोज रोजनिशी लिहायचे. न्हाई लिहिलं."

"मंजे आबांनी मला काढली न्हाई."

"न्हाई काढली."

आत्याबाई उठल्या आणि स्वयंपाकाच्या जागेत गेल्या. भांड्यांचा आवाज नाही, स्टो पेटल्याचा आवाज नाही. आम्ही बाहेर बसून होतो. बऱ्याच वेळाने त्या पदराने तोंड पुसत बाहेर आल्या आणि मशीनसमोर बसल्या.

"आता तुमी जावा, वैनी. मला शिलाई द्याची हाय."

बाईंनी सगळ्या नकला मशीनच्या फळीवर ठेवल्या, वर आपला नंबर लिहिला. उठताना म्हणाल्या, "हे वाचून घे कुणाकडून तरी. माझ्या सांगण्यावर इसवास ठेवू नको. आपला वेगळा वकील बघ, माझ्या वळखीचा नको." आत्याबाईंनी वर पाहिलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी न राहवून विचारलं. "तेव्हा तुम्ही का नाही बोललात? भीती वाटली का?"

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "भ्याले असं सांगितलं तर तुला बरं वाटंल. भ्याले नव्हते. मला घर हवं होतं. आम्ही सात जण एका खोलीत वाढलो. त्या घरात आले तेव्हा पहिल्यांदा मला एक खिडकी मिळाली, माझी अशी. त्यातली अर्धी खिडकी द्यायची मला नव्हती." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि ती आठ भाड्याच्या खोल्या फिरली. शेजारची बाई तुला सांगत होती ना. ऐकलं मी."

मी त्या दिवसापर्यंत अनेक चांगली माणसं पाहिली होती. पण आपल्या वागण्यावर एकही पांघरूण न घालता असं बसणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. मला त्यांच्या शेजारी बसायचाही धाक वाटला.

पंधरवडा गेला, महिना गेला. फोन आला नाही. बाई व्यायाम करायच्या, चिठ्ठ्या मात्र बंद झाल्या होत्या. टॅक्सीवाले दोनदा येऊन गेले. एकदा स्ट्रॉबेरीची पेटी ठेवून गेले, काही न विचारता.

मग एका सकाळी फाटक वाजलं. आत्याबाई एकट्याच, हातात कापडी पिशवी. बाई दारात गेल्या. 

"मी माज्या वकिलाकडं जाऊन आले," आत्याबाई म्हणाल्या. "तुमी सांगितलं ते खरं हाय म्हणाला."

"बरं केलंस."

"त्यो म्हणाला, दावा लाव. मी म्हटलं, जी स्वतःहून दाराशी आली तिच्यावर दावा कसला लावू? पन वैनी, माजा राग गेल्याला न्हाई. ते आधीच सांगते."

"जाऊ नये. राग ठेव."

आत्याबाई घरात शिरल्या. भिंतींना हात लावत, एकेक खोली बघत वर आल्या. माझी खोली म्हणजे आबांची खोली होती, हे मला तेव्हा कळलं. खिडकीशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "हितं खुर्ची असायची. पाय वर घिऊन बसायचे, रेडिओ लावून. मी शाळंतनं आले की हितनंच हाक मारायचे." मी बाहेर जायला लागले तर मला थांबवून त्या म्हणाल्या, "ऱ्हाव दे. तुजीच खोली हाय ती."

जुनी नोंद दुरुस्त करायला पावसाळा आणि हिवाळा गेला. अर्ज, नवी प्रतिज्ञापत्रं, सुनावणी. प्रत्येक तारखेला बाई काठी टेकत गेल्या. ज्या कचेरीत त्या आयुष्यभर खुर्चीत बसल्या, तिथे बाकावर बसल्या. कोवळ्या अधिकाऱ्यापुढे उभं राहून आपल्या नवऱ्याचं खोटं आणि आपलं गप्प बसणं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. जुने सहकारी मान फिरवून घ्यायचे. तारखेच्या दिवशी त्या सकाळी साडी इस्त्री करून नेसायच्या, लग्नाला निघाल्यासारखी. शेवटी दोघींची नावं एका कागदावर आली. टॅक्सीवाल्यांनी घर घेतलं. खरेदीखतात लिहून देणार दोन झाल्या.

मी दुसरी खोली घेतली. हाती आलेल्या अर्ध्या पैशात बाईंना ठरवलेला फ्लॅट घेता आला नाही. त्या आता तळमजल्यावर भाड्याने राहतात, घरमालकाला सळो की पळो करून.

मागच्या वैशाखात आत्याबाईंनी म्हसवडला दोन खोल्यांचं घर घेतलं. वास्तुशांतीला मीही गेले होते. मांडवात गर्दी होती, पंगत बसायची होती. बाई एका कडेला, प्लास्टिकच्या खुर्चीत, काठी मांडीवर आडवी घेऊन बसलेल्या. आहेराची साडी त्यांनी आल्या आल्या देऊन टाकली होती आणि आता कुणी आपल्याकडे बघू नये असं त्यांना वाटत होतं.

घर आपलं म्हणून आत्याबाई, विधवा असूनही कुणाचं न ऐकता, स्वतःच हळद-कुंकवाचं ताट घेऊन फिरत होत्या. फिरत फिरत बाईंच्या समोर आल्या आणि थांबल्या. बायका कुजबुजल्या, एकीने पुढे होऊन आत्याबाईंचा हात धरला. विधवेला काय लावताय, असं काहीतरी ती म्हणाली असावी. मग विचारलं, "ह्या हाईत कोन?"

आत्याबाईंनी हात सोडवून घेतला. वाकून बाईंच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "म्हायारचं मानूस हाय माजं. एवडंच हाय."

  नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरून बाई मांडवाच्या कडेच्या त्या खुर्चीतच, सगळ्यांदेखत, हमसून हमसून रडल्या.